भडगाववालीचं नाव

वैशाखात खानदेशात जाऊ नकोस, असं मला सहा जणांनी सांगितलं. त्यांतले पाच जण स्वतः कधी खानदेशात गेलेले नव्हते, त्यामुळे त्यांचं मी मनावर घेतलं नाही. सहावे आमच्या गल्लीतले एसटीचे निवृत्त कंडक्टर. ते म्हणाले, "जा, पण खिशात कांदा ठेव." मी पडले कोल्हापूरची. उन्हाला कांद्यानं अडवायचं हे ऐकून मला हसू आलं आणि कांदा घरीच राहिला. त्याची शिक्षा मला पारोळ्याच्या स्टँडवर मिळाली, ते पुढं सांगते.

मी पेंटर आहे. चित्रं काढणारी नव्हे, अक्षरं काढणारी. वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. त्यांचा हात थरथरायला लागल्यावर ब्रश माझ्याकडे आला, तो आजतागायत सुटला नाही. फ्लेक्स आल्यापासून आमचा धंदा बसलाय, पण हातानं काढलेलं अक्षर हवं असणारी माणसं अजून भेटतात. धुळ्यातल्या बायकांच्या एका मंडळाला तसं हवं होतं. भाजीबाजारामागच्या लांब भिंतीवर बारा चौकटी आणि प्रत्येक चौकटीत शहरातली एक बाई. जिनं काहीतरी पहिल्यांदा केलं आणि जिला शहर विसरून गेलं, अशी. हे काम मला फुकट सांगितलं असतं तरी मी गेले असते. पण हे त्यांना बोलले नाही.

धुळे

मंडळाच्या अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. सगळं शहर त्यांना मॅडम म्हणतं, मीही तेच म्हणू लागले. बाई शिस्तीच्या. पहिल्याच सकाळी त्यांनी माझ्या हातात मजकुराचे कागद ठेवले, नंबर घालून, पिना मारून. शहरातली पहिली बाई कंपाउंडर, विणकरांच्या बायकांना दुपारी अक्षरं शिकवणारी एक विधवा, नवऱ्याच्या आजारपणात ट्रक चालवायला बसली आणि मग उतरलीच नाही अशी एक. वाचता वाचता मी दोनदा चष्मा पुसला. अशा अकरा जणी होत्या. बाराव्या कागदावर मजकूर होता, पण वर नावाच्या जागी नुसती रेघ.

मॅडम म्हणाल्या, "तिचं नाव सापडत नाही. भडगाववाली म्हणायचे तिला. मूलबाळ नाही, नवरा आधीच गेलेला, भाड्याची खोली. मृत्यूची नोंद बघावी तर शोधायला नाव लागतं, आणि आम्ही तेच तर शोधतोय. नावाशिवाय मी फलक लावणार नाही. लोक म्हणतील, बायकांनी बनवून सांगितलं."

"मग चौकट रिकामी ठेवायची?"

"रिकामी कशाला? रंगाचे डबे ज्या शेठनी दिले, त्यांच्या मातोश्री फार दानशूर होत्या. आखाजीच्या, म्हणजे तुमच्या अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उद्घाटन आहे. त्या दिवशी सकाळपर्यंत नाव मिळालं तर ठीक, नाहीतर मातोश्री."

मातोश्रींशी माझं काही वाकडं नव्हतं. पण दानशूर मातोश्रींच्या नावाच्या पाट्या मी आयुष्यभर रंगवल्या आहेत, देवळांवर, धर्मशाळांवर, पाणपोयांवर. आणि या भडगाववालीनं काय केलं होतं ते मी नुकतंच वाचलं होतं. तिनं धुळ्याच्या बाजारात बायकांसाठी पहिली मुतारी उभी केली होती.

हे वाचून कुणी नाक मुरडलं असेल तर त्यानं एकदा वैशाखात धुळ्याच्या बाजारात सकाळी सहापासून संध्याकाळी सहापर्यंत भाजीच्या पाटीसमोर बसून बघावं.

मला ते सगळं सांगितलं पारोळेवालीनं. ही सत्तरी ओलांडलेली बाई भिंतीला पाठ लावून मिरची आणि लिंबं विकते. मी शिडी लावली की माझ्यावर लक्ष ठेवणं हे तिनं आपलं काम मानलं होतं. मी तिला अक्का म्हणत होते, बाकीचा बाजार पारोळेवाली. खानदेशात ही रीतच आहे. लग्न होऊन आलेल्या बाईला तिच्या माहेरच्या गावावरून हाक मारायची. शिरपूरवाली, पारोळेवाली, वरणगाववाली. आमच्याकडे निदान अमक्याची आई, तमक्याची बायको असं तरी म्हणतात, असं मी मोठ्या फुशारकीनं म्हणाले. म्हणता म्हणताच लक्षात आलं की यात फुशारकी मारण्यासारखं काहीच नाही.

अक्का म्हणाली, "दिनभर बजारमा बठूत. पानी पेवाले भ्याव वाटे. पिधं ते जावानं कोठे?"

पाणी प्यायचीच भीती वाटायची. मग पन्नासएक वर्षांपूर्वी एका सकाळी भडगाववालीनं चार बांबू आणले, बाजाराच्या मागं रोवले आणि भोवती गोणपाट बांधलं. दुकानदारांना ते दृश्य आवडेना. ते संध्याकाळी काढून टाकायचे.

"मग?"

"मंग काय? आम्ही सकाये परत बांधूत. पावसाया लागा तोवर."

शेवटी पक्की खोली झाली. ती अजून आहे, दारावर त्या वेळच्या कुणा पुढाऱ्याचं नावही आहे. भडगाववालीचं कुठंच नाही.

आखाजीच्या आदल्या दुपारी, अकरा चौकटी संपवून, मी जेवायला शेवभाजी मागवली. शेव रश्शात घालून भाजी करायची म्हणजे आमच्याकडे पाहुणे अवचित आल्यावरची पळवाट. पण तो काळा मसाल्याचा रस्सा जिभेवर आल्यावर मी कोल्हापूरचा अभिमान गिळला आणि दुसरी वाटी मागितली. खाताखाता ठरवलं की आपण भडगावला जायचं. बाईला माहेरच्या नावानं हाक मारतात ना, मग माहेरात तर तिला तिच्या नावानं ओळखत असतील. मला हा तर्क इतका बिनचूक वाटला की मी मॅडमना न विचारताच अक्काला विचारलं, "येता का?" तिनं मिरचीची पाटी शेजारणीकडे सरकवली आणि पदर खोचला.

पारोळ्याचा स्टँड

आखाजीच्या सकाळी आम्ही निघालो. खानदेशात हा सण दिवाळीच्या तोलाचा. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाझाडाला झोके बांधतात. एसटीत पाय ठेवायला जागा नव्हती. सगळीकडे नव्या बांगड्या आणि मांडीवर पेंगणारी पोरं.

पारोळ्याला गाडी बदलायची होती. स्टँडवर पोचलो तेव्हा दहा वाजले होते आणि ऊन दुपारसारखं होतं. अक्का पाणी प्यायली. मी नको म्हणाले, कारण स्टँडवरच्या बायकांच्या सोयीचं दार मी पाहून आले होते. तिथं कुलूप होतं आणि किल्ली कुणाकडे आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. पुढचा प्रवास तासाभराचा, कशाला उगीच, असा विचार करून मी घोटभरही पाणी घेतलं नाही. अर्ध्या तासानं माझ्या डोळ्यांसमोर काजवे चमकले आणि मी बाकावरून अलगद खाली बसले.

शुद्ध पूर्ण गेली नव्हती. अक्कानं माझ्या डोक्यावर बाटली ओतली, कमरेच्या पिशवीतून कांदा काढून मुठीनं फोडला आणि माझ्या नाकाशी धरला. मग अक्का स्वतःच किल्ली शोधायला गेली. कशी कोण जाणे, पाच मिनिटांत घेऊन आली. दार उघडून म्हणाली, "जाय. मंग पोटभर पानी पे."

मी बारावा कागद दोनदा वाचला होता. पण तो मला खरा कळला त्या बाकापाशी जमिनीवर बसून, ओल्या डोक्यानं. मला स्वतःची लाज वाटली आणि रागही आला. राग कुणाचा ते सांगता येणार नाही, पण त्या रागाचा पुढं फार उपयोग झाला.

सावरल्यावर मी म्हटलं, "अक्का, हे तर तुमचं माहेर. आज आखाजी. जाऊन यायचं का घरी?"

"कोनाकडे?" ती म्हणाली. "भाऊ गया, भावजाई गयी. झोका बांधनारं कोनी नही."

भडगावची गाडी लागली आणि ती सगळ्यांच्या आधी चढून माझ्यासाठी जागा धरून बसली.

भडगाव

गिरणा नदीचं पात्र पूर्ण वाळू झालं होतं. गावात मात्र सण होता. धुळ्याला दिलेली, तिथल्या बाजारात बसणारी बाई कुणाची, असं विचारत विचारत आम्ही भडगाववालीच्या भाच्याच्या घरी पोचलो. पंच्याहत्तरीचे गृहस्थ, सगळे त्यांना आबा म्हणत होते. अनोळखी दोन बायका सणाच्या दिवशी दारात उभ्या, पण त्यांनी कोण, कुठल्या हे विचारण्याआधी कैरीचं पन्हं दिलं आणि पाटावर बसवलं.

मागच्या पडवीत चुलीवर मातीचं खापर पालथं घातलं होतं. घरची सून पुरणाचा उंडा दोन्ही हातांवर झेलत होती. झेलता झेलता तो कोपरापर्यंत पसरला आणि तिनं तो तसाच खापरावर टाकला. हे मांडे. आम्ही पोळपाटावर लाटणं फिरवून पुरणपोळी करतो आणि स्वतःला सुगरण म्हणवतो. आमरसाबरोबर मी दीड मांडा खाल्ला, आणि तो अर्धासुद्धा अक्कानं बळेबळे वाढला म्हणून.

जेवण झाल्यावर मी विषय काढला. आबांना आत्या चांगली आठवत होती. दर आखाजीला यायची, त्यांना खांद्यावर घेऊन नदीवर जायची, भांडायला एकदम तयार.

"त्यांचं नाव काय होतं, आबा?"

आबा म्हणाले, "आम्ही आत्या म्हणायचो."

"आणि गाव काय म्हणायचं?"

"गाव? धुयेवाली म्हनेत तिले."

धुळ्यात भडगाववाली आणि भडगावात धुळेवाली. सासरला ती माहेरची आणि माहेरला सासरची. दोन गावांनी मिळून एका बाईचं नाव पुरतं हरवलं होतं, आणि त्यात कुणाचा काही वाईट हेतूही नव्हता. माझा बिनचूक तर्क तिथंच पाटाखाली गेला. आबा ओशाळले. सख्ख्या आत्याचं नाव आपल्याला येत नाही हे त्यांना पंच्याहत्तराव्या वर्षी पहिल्यांदा कळत होतं.

सून पडवीतून म्हणाली, "कासा आजीला विचारा ना."

तिचं म्हणणं बरोबर होतं, आणि का बरोबर होतं ते ऐका. कासाबाई आत्याबरोबर वाढलेल्या, आणि त्यांना गावातल्या गावातच दिलं होतं. माहेर खालच्या गल्लीत, सासर वरच्या. भडगावातच राहणाऱ्या बाईला भडगाववाली कोण म्हणणार? त्यामुळे त्यांच्या पिढीत स्वतःच्या नावानं ओळखली जाणारी ही एकटीच. नव्वदीच्या कासाबाई कडुनिंबाखाली बाजेवर बसल्या होत्या आणि नाती-पणत्या झोक्यासाठी भांडत होत्या.

"धुयेवालीनं नाव?" कासाबाई म्हणाल्या. "झिपरी."

"खरं नाव हो, आजी."

"झिपरी ते झिपरी. केस कधी बांधे नही ती."

भिंतीवर मी झिपरी लिहू शकत नव्हते. मी खूप खोदून विचारलं. बापानं काय ठेवलं होतं, लग्नात काय पुकारलं, आईनं कशी हाक मारली. कासाबाई वैतागल्या आणि डोळे मिटून पडून राहिल्या. परतीची शेवटची गाडी सहाची होती. अक्का म्हणाली, "गप ऱ्हाय जरा. तू पोलिसमायक इचारस." मी गप्प बसले. पोलिसासारखं विचारू नको हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं, पण सांगायला हवं होतं.

मुली झोक्यावर चढल्या. आखाजीच्या गाण्यांत झोक्यावरच्या पोरींची नावं गुंफायची असतात, एकेका ओळीत एकेक. पोरींना चार ओळींच्या पुढं येईना. अक्कानं त्यांना पुढची सांगितली, पण पारोळ्याची चाल वेगळी निघाली. तेवढ्यात बाजेवरून आवाज आला, "आशी नही म्हनतस." डोळे तसेच मिटलेले ठेवून कासाबाई स्वतः म्हणू लागल्या. आवाज फाटका, पण ठेका पक्का. त्यांच्या तोंडी नावं आली ती झोक्यावरच्या पोरींची नव्हेत, त्यांच्या स्वतःच्या वेळी झोक्यावर बसलेल्या मुलींची. कासा बठनी, गोदा बठनी, वेणू बठनी, तापी बठनी.

आणि त्या थांबल्या.

"तापी," त्या म्हणाल्या. "झिपरी म्हंजे तापी वं."

आबा मागं उभे होते. ते पुटपुटले, "हा. आजोबा तापीच म्हनेत."

मी पिशवीत वही शोधत होते, म्हणून कासाबाईंचा चेहरा मी उशिरा पाहिला. त्या अक्काकडे वळून विचारत होत्या, "जिती शे का ती?"

अक्कानं त्यांचा हात हातात घेतला. "नही वं माय. बराच साल व्हई गयात."

"मले कोनी सांगं नही," कासाबाई म्हणाल्या.

झोका तसाच थोडा वेळ हलत राहिला. मग अक्कानं त्यांना चार बांबूंची आणि गोणपाटाची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. दुकानदार काढायचे आणि बायका परत बांधायच्या तिथं आल्यावर कासाबाई हसल्या. लहानपणी पाटलाच्या आवारात झोका बांधू देईनात, तेव्हाही तापीनं असंच केलं होतं म्हणे, सात दिवस.

मॅडमना पुरावा लागणार हे मला ठाऊक होतं. मी वहीच्या पानावर सुरेख अक्षरात लिहिलं की मी कासाबाई, तापीबरोबर वाढले, ती धुळ्याला दिली, तिलाच गाव धुळेवाली म्हणायचं. खाली कासाबाईंचा अंगठा घेतला. शेजारी आबांनी सही केली आणि स्वतःहून लिहिलं, "माझी आत्या."

पुन्हा धुळे

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी मॅडमच्या दारात होते. त्यांनी कागद दोनदा वाचला. मला वाटलं आता शिक्का मागतील. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "शेठना मी सांगते. तुम्ही लिहायला घ्या." मातोश्रींची सोय त्यांनी कुठं केली ते मी विचारलं नाही.

मी बारावी चौकट आखली आणि ठळक अक्षरांत तापीबाई लिहिलं, निळ्या रंगात, पिवळी कड देऊन, आणि खाली कागदावरचा मजकूर उतरवला. तापीतल्या 'त'चा पाय मी जरा लांब सोडला, सगळ्या भिंतीत तेवढंच एक अक्षर मला मनासारखं जमलं. बाजारातल्या बायका गोळा झाल्या. ज्यांना वाचता येत होतं त्यांनी वाचलं आणि एकमेकींकडे पाहिलं. "ही कोन?" एक म्हणाली. तेव्हा मला नावाखाली लहान अक्षरांत भडगाववाली हेही लिहावं लागलं. मग कुठं सगळ्यांचे चेहरे उजळले.

अक्का पाटीमागून म्हणाली, "पन बांबू तिनी एकलीनं नही धरात."

ती तक्रार करत नव्हती, जसं झालं तसं सांगत होती. मी मजकूर पुन्हा पाहिला. त्यात होतं, "काही सहकारी महिलांच्या मदतीने." या काही महिला कोण, असं मी विचारलं. अक्का बोटांवर मोजत सांगू लागली. शिरपूरवाली, वरणगाववाली, चोपडेवाली, आणि पुन्हा गावंच.

"गावं नकोत, नावं सांगा," मी शिडीवरून ओरडले.

त्यांतल्या दोघी गेल्या होत्या, पण त्यांच्या लेकी त्याच जागेवर भाजी विकत होत्या. त्यांनी आयांची नावं सांगितली, सुपडाबाई आणि मीराबाई. चोपडेवाली हयात होती. तिला घरून बोलावून आणलं, ती कमल निघाली. मी 'काही सहकारी महिलांच्या' या शब्दांवर पांढऱ्या रंगाचा हात मारला. मॅडम उद्घाटनाच्या खुर्च्या मांडून घ्यायला आल्या होत्या. मंजूर मजकुरावर मी पांढरा रंग फासताना त्यांनी पाहिलं. त्या तोंड उघडणार तोच मी म्हटलं, "मॅडम, नावाशिवाय फलक नाही, हा नियम तुमचाच." त्या खुर्च्यांकडे वळल्या.

तिन्ही नावं लिहून झाल्यावर मी विचारलं, "आणखी कोण होतं?"

"मी व्हती," अक्का म्हणाली.

ब्रश भरून मी हात वर नेला आणि तिथंच थांबले. आदल्याच दिवशी या बाईनं मला जागा धरली होती, पाणी पाजलं होतं, कांदा फोडून नाकाशी धरला होता. एका मेलेल्या बाईचं नाव शोधायला मी तिच्या मांडीला मांडी लावून गावोगाव हिंडले होते. आणि मी तिचं नाव विचारलेलं नव्हतं. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, ते असं. मी शिडीवरून खाली उतरले. हे शिडीवरून विचारण्यासारखं नव्हतं.

"अक्का, तुमचं नाव काय?"

"मन्हं कसाले?" तिनं लिंबं उगीच इकडची तिकडं केली. मग म्हणाली, "द्वारका."

"पुढं? नवऱ्याचं नाव, आडनाव?"

"ते बठ्ठं नवरानं शे. नुसतं द्वारका लिख."

बाकीचं सगळं नवऱ्याचं, म्हणून मी तेवढंच लिहिलं. तिला वाचता येत नाही, म्हणून चारांपैकी कुठलं आपलं ते तिनं मला दोनदा दाखवायला लावलं. हात लावू नका, ओलं आहे, असं मी बजावलं. ती पाटी सोडून चौकटीसमोर येऊन उभी राहिली. कुणी धक्का देऊ नये म्हणून दोन्ही हात पसरून.

एक गिऱ्हाईक पाटीपाशी येऊन पाव किलो मिरची मागत होतं. त्यानं दोनदा हाक मारली, पारोळेवाली, ओ पारोळेवाली. ती जागची हलली नाही. मान न वळवता म्हणाली, "थांब जरासा. मन्हं नाव वायी ऱ्हायनं."

माझं नाव वाळतंय, म्हणाली. आणि तो माणूस थांबला.